हिरव्या ठिपक्यांची सावड

नवरात्र संपून कोजागिरी जवळ आली की कडावकडे भाताचा रंग बदलतो आणि माझं तोंड उतरतं. लोकांना या दिवसांत बरं वाटतं. दुपारी उकडतं खरं, पण सकाळी दव असतं, बांधावरून चाललं की पोटऱ्या भिजतात, आणि पिकल्या भाताचा तो कोमट, जरा धुळकट वास थेट माजघरापर्यंत येतो. म्हातारी माणसंसुद्धा उगाच दारात येऊन उभी राहतात. मी खिडकी लावून घेते. घरातले म्हणतात, हिला भाताच्या कुसाचा त्रास होतो. बरं, तसंच समजा. त्रास म्हटलं की लोक औषध सांगतात आणि गप्प बसतात. लाज म्हटलं की कारण विचारतात.

यंदा मात्र खिडकी लावून भागलं नाही. दारातून वंदना आली.

वंदना म्हणजे अनसूयेची मुलगी. चाळिशी उलटलेली, कर्जत स्टेशनाजवळ मोबाईल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान चालवणारी. बापये गिऱ्हाईक आधी विचारतात, "मेकॅनिक कुठाय?" आणि ही म्हणते, "बोला ना." मला तिचं फार कौतुक आहे. पण ती समोर आली की मी तिच्या कपाळाकडे बघून बोलते, डोळ्यांत बघत नाही. तिला वाटत असेल, मावशीला कमी दिसतं.

"मावशी, गरम हवेचं मशीन घ्यायचंय," बसल्या बसल्याच ती म्हणाली. "आताच्या फोनमधले पार्ट तांदळाच्या कणीएवढे असतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक तिथं पोचतच नाही. मग नळीतून गरम हवा सोडायची, खालचं कथील वितळवायचं आणि पार्ट अलगद उचलायचा. दोन मशीनं बघून आलेय. त्यातलं कुठलं घेऊ, ते तुम्ही सांगायचं."

"मी? अगं, मी टेबल सोडून किती वर्षं झाली! मला काय कळतंय त्यातलं?"

"आईनंच पाठवलंय. म्हणाली, मशीन घ्यायच्या आधी शालूमावशीला विचार. आमच्या वेळी आयर्न कुठली घ्यायची ते तिनंच तर ठरवलं होतं."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि माठाजवळ बराच वेळ उभी राहिले. तांब्या भरून वाहायला लागला तेव्हा भानावर आले.

आमचा कारखाना म्हणजे कारखाना कसला, दहिवलीच्या बाजूला भाताच्या गिरणीचं जुनं गोदाम होतं. गिरणी बंद झाली होती, पण तूस कुठल्या फटीत राहिलं होतं कोण जाणे, पंखा लावला की अजून चार काड्या डोक्यावर पडायच्या. तिथे एक लांबलचक टेबल, टेबलाला आठ बायका, आणि प्रत्येकीपुढे एक सोल्डरिंग आयर्न. मुंबईच्या एका कंपनीसाठी ट्रान्झिस्टर रेडिओच्या आतले बोर्ड आम्ही जुळवायचो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तोवर आमच्याकडच्या बायकांना शेत, घर आणि दुसऱ्याचं शेत एवढंच ठाऊक. टेबलाशी बसून, सावलीत, पंख्याखाली काम करायचं म्हणजे आम्हाला नवलच वाटायचं. पहिले काही दिवस तर आम्ही पदरानं टेबल पुसून मगच बसायचो.

भांड्याला डाग देणारा गावात यायचा, त्यामुळे कथील आणि राळ आम्हाला ठाऊक होती. हे काम तेच, फक्त फार बारीक. बोर्डाच्या भोकातून ट्रान्झिस्टरचे तीन पाय खाली ओढायचे, आयर्नचं तापलेलं टोक टेकवायचं, कथलाची तार लावायची, थेंब चमकला की टोक उचलायचं. चमकला की उचलायचं, यातच सगळी मेख होती. टोक जास्त वेळ राहिलं तर ट्रान्झिस्टर आतल्या आत मरतो, आणि बाहेरून काही कळत नाही, नवा कोरा दिसतो मेला. बोर्डाच्या पाठीवर तांब्याच्या बारीक वाटा असतात, त्याही उष्णतेनं सुटून वर येतात.

अनसूयेचा हात या कामात असा बसला होता की बघत राहावं. ती शाळेची पायरी फारशी चढली नव्हती. घड्याळही धड कळत नसे. पण टोक टेकवताना ती तोंडातल्या तोंडात म्हणायची, "ये गं बाय." तेवढं म्हणून झालं की हात वर. पहिल्या दिवसापासून तसंच. आम्ही हसायचो.

"अनसूये, कथलाला काय माहेरी बोलावतेस काय गं?"

"हसा, हसा," ती म्हणायची. "तुमी घड्याळ बगा, मी बाय म्हणते. बगू कुणाचा थेंब गोल येतो."

तिचाच यायचा. वर ती केसांतला आकडा काढून ट्रान्झिस्टरच्या पायाला चिमट्यासारखा लावायची. उष्णता आकड्यात जाते, आतला जीव वाचतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तापल्या तव्यावरची वाटी पकडीनं उचलणाऱ्या बाईला ते आपोआप सुचलं. पुढे सगळ्याच बायका आकडे लावायला लागल्या आणि टेबलावर आठ जणींचे सुटलेले अंबाडे दिसू लागले.

मी टेबलावरची एकटी मॅट्रिक. माझा थेंब कधी गोल, कधी भजं. पण मला इंग्रजी अक्षरं लावता यायची, आणि साहेब काही विचारायचं असलं की मला विचारायचे. त्याची मला केवढी गुर्मी होती, ते आता सांगताना कानशिलं तापतात.

साहेब डोंबिवलीहून यायचे, सोमवारी आणि गुरुवारी. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटायचं की तांदूळ वाण्याकडे पिकतो. एका सोमवारी त्यांनी दोन नव्या आयर्न आणल्या. एक जड, लाकडी मुठीची, बोटाएवढ्या जाड टोकाची, भराभर तापणारी. दुसरी हलकी, पेन्सिलीसारखी, तापायला वेळ लावणारी आणि महागही. जुन्या सगळ्या काढून एकाच जातीच्या घ्यायच्या होत्या. सोबतचा इंग्रजी कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "शालिनी, आठवडाभर दोन्ही वापरून बघ आणि मला सांग. मला विचारशील तर जडच बरी वाटते. काम झटपट होईल. पण तू ठरव."

कागद मी दोनदा वाचला. कळला काहीच नाही. मान मात्र हलवली.

दोन्ही आयर्न अनसूयेच्या हातात दिल्या. एवढं तरी केलं, म्हणून सांगते. तिनं दोन दिवस वापरल्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, "हलकी सांग गं साहेबांना. ही जड हाय ना, ही मारते त्यांना. चूल भडकली की भाकर वरून करपते न् आत कच्ची राहते, तसं हाय हे."

"पण लवकर तापते की ती."

"लवकर तापते, पर थांबत नाय. तापतच जाते. मला वाचता येत नाय शालू, पर हाताला कळतं."

मला कळलं होतं की ती खरं बोलते आहे. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण ते खोटं आहे. हलकी आयर्न आली असती तर अनसूया टेबलावर पहिली राहिली असती आणि मी होते तिथेच, पाचवी-सहावी. जड आयर्नीवर माझे बोर्ड संख्येनं जास्त होत होते. शिवाय साहेबांना जडच हवी होती हे उघड होतं, आणि टेबलाच्या टोकाशी एक खुर्ची रिकामी होती. आम्ही सगळ्या स्टुलावर बसायचो. खुर्ची देखरेख करणारीला मिळणार होती. पुढच्या गुरुवारी साहेबांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "जड चांगली आहे साहेब. सगळ्यांना तीच आवडली."

सगळ्यांना! अनसूया समोर बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. "ये गं बाय," म्हणाली आणि थेंब टाकला.

जड आयर्नीचं खोकं आलं ते ऐन कापणीत. इथे सावडीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. आमच्याकडे भात एकदम पिकतं आणि माणूस घरटी पुरत नाही. मग आज सगळ्यांनी तुझ्या शेतात जायचं, उद्या माझ्या. त्याला सावड म्हणतात. कोण किती दिवस आलं ते कुणी लिहून ठेवत नाही, प्रत्येकाला आपापलं पक्कं ठाऊक असतं. आणि एक रीत असते: सावडीला आलेल्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. खुंट उंच राहिले, भारा सैल बांधला, काहीही होवो. तो आपला म्हणून आलाय, त्याला बोलायचं नाही.

आम्ही बायकांनी ही सावड टेबलावर आणली. ठरवलं कुणी नाही, आपोआप आली. प्रत्येकीचा एक रंग होता. बोर्ड झाला की कोपऱ्यात आपल्या रंगाचा ठिपका लावायचा, म्हणजे कुणाचा कुठला ते साहेबांना कळे. माझा तांबडा. अनसूयेचा हिरवा. कापणीच्या दिवसांत जिचं शेत पिकलं ती साहेब नसलेल्या दिवशी शेतात जायची, आणि बाकीच्या तिचे बोर्ड करून तिच्या रंगाचा ठिपका लावायच्या. गुरुवारी साहेब मोजायचे, सगळे रंग पुरे भरायचे. त्यांना कापणी झाल्याचा पत्ताही लागायचा नाही. साहेबांना फसवतोय असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. शेजारणीचं शेत कापतो तसे शेजारणीचे बोर्ड करत होतो, त्यात काय?

त्या वर्षी माझे वडील बांधावरून घसरले आणि पाय मोडून घरात पडले. आमचं हळवं, लवकर पिकणारं भात उभं होतं, लोंब्या वाकून जमिनीला टेकायला आल्या होत्या, आणि आभाळ भरून येत होतं. परतीचा पाऊस पिकल्या भातावर पडला की उभ्या लोंबीला कोंब फुटतात. आई एकटी होती. जायला मीच हवं होतं. पण मला जायचं नव्हतं. विळ्याचा हात मला कधीच नव्हता, कुसानं अंगाला खाज सुटायची, आणि खरं सांगायचं तर टेबलावर बसायला लागल्यापासून मला शेताची लाजच वाटत होती. बघा, लाज कुठे वाटायची आणि कुठे वाटत होती.

अनसूयाच म्हणाली, "तू नको जाऊस गं. तुझा हात नाय विळ्याला. तू टेबल संबाळ, माजे बोर्ड कर, मी जाते तुझ्या आयसंगं. मंगळवार-बुधवार दोन दिवसांत आडवं करतो सगळं."

"आणि वंदना?" वंदना तेव्हा दीड वर्षांची.

"तिला काय, बांधावर झोळी बांधीन."

म्हणजे ज्या दोन दिवसांची मी गोष्ट सांगते आहे, त्या दोन दिवसांत माझ्यासमोर आता फोन घेऊन बसलेली ही बाई माझ्या शेताच्या बांधावर, आंब्याला बांधलेल्या झोळीत झोपली होती. तिची आई वाकून माझं भात कापत होती. आणि मी पंख्याखाली बसून तिचे बोर्ड जाळत होते.

हो, जाळतच होते. सकाळी ताज्या हातानं मी आधी माझे तांबडे केले. नीट, आकडा लावून, सावकाश. अनसूयेचे दुपारनंतर घेतले. मान आखडली होती, आयर्न सकाळपासून तापून तापून बेफाम झाली होती, आणि बोर्डांची चवड काही उतरेना. मग आकडा लावायचा सोडला. टोक टेकवलं की बाय म्हणायचं कुठलं, दोन-दोन, तीन-तीन बाया होऊन जायच्या तरी टोक तसंच. राळ तापली की गोडसर वास येतो, देवळात येतो तसा. जळली की कडवट येतो. त्या दोन्ही दुपारी माझ्या नाकाला कडवट वास येत होता. मी उठले आणि पंख्याचं बटण पुढे केलं.

एका बोर्डाच्या पाठीवरची तांब्याची वाट सुटून वर आली. ती मी नखानं दाबून खाली बसवली, वर राळ फासली आणि हिरवा ठिपका लावला. बरोबर कोपऱ्यात, अगदी गोल. ठिपके मला छान जमायचे.

बुधवारी घरी गेले तर शेतात कडपं पसरली होती. कापलेलं भात ओळीनं उन्हाला घातलेलं. खुंट सगळे एका उंचीचे. जमिनीपासून चार बोटं, कुठे खाली नाही, कुठे वर नाही. आई म्हणाली, "काय हात हाय गं त्या पोरीचा! पाणी प्यायला म्हून उठली नाय." अनसूयेच्या मनगटांवर भाताच्या पात्यांचे बारीक ओरखडे उठले होते. गुरुवारी ती तशीच टेबलावर आली, साहेबांना दिसू नये म्हणून बाह्या खाली ओढून. पाऊस शुक्रवारी आला. आमचं भात तोवर पेंढ्या बांधून खळ्यावर पोचलं होतं.

दिवाळी झाली. पणत्या अजून कोनाड्यात होत्या. त्या सोमवारी साहेब एक खोकं घेऊन आले आणि टेबलावर उपडं केलं. बोर्ड मुंबईहून परत आले होते. मुके. एकाही रेडिओत आवाज निघत नव्हता. दोन-चार इतर रंगांचे होते, बाकी सगळे हिरवे.

"हिरवा कोणाचा?"

"माजा साहेब," अनसूया म्हणाली.

"हे काय आहे?"

तिनं एक बोर्ड उचलला. पालथा केला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, पाठीवरून अंगठा फिरवला. राळ जळून काळी झालेल्या जागी अंगठा थांबला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागावलेली नव्हती. शेतात आपल्या शेजारच्या ओळीतली बाई मागे पडली की आपण मान वळवून बघतो ना, तसं बघितलं. आणि बोर्ड खाली ठेवला.

"आसंल साहेब. झालं आसंल."

"नवी आयर्न सगळ्यांना जमली आणि तुलाच जमली नाही?" साहेब माझ्याकडे वळले. "शालिनी, आयर्नमध्ये काही दोष आहे का?"

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं: साहेब, हे मी केलेत. नाहीतर नुसतं म्हणायचं: आयर्न चुकीची आहे. एक वाक्य कुठलंही पुरलं असतं. टेबलावरच्या सहा जणी खाली बघत होत्या. त्यांनी बोलायचं नव्हतंच, सावड माझी न् तिची होती.

मी म्हटलं, "नाही साहेब. हाताला सवय लागावी लागते."

हे वाक्य माझ्या तोंडून किती स्वच्छ निघालं! बालभारतीचा धडा वाचावा तसं. आजही भांडी घासताना, भाजी चिरताना, मध्येच ते माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि मी मोठ्यानं "शी!" म्हणते. घरातले विचारतात, काय झालं? मी म्हणते, पाल.

साहेब ओरडले नाहीत. "काही दिवस घरी राहा, मग बघू," म्हणाले. अनसूयेनं टेबलावरचा आपला आकडा उचलला, केसांचा अंबाडा घातला, आकडा खोचला आणि डब्याची पिशवी घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "शालू, माज्या जागेवरचा दिवा लुकलुकतो, तेवढा बगून घे हां." तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

खुर्ची मला मिळाली. वेताची होती, तिचा एक वेत तुटून मांडीला टोचायचा. मी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही. होळीच्या सुमारास साहेबांनी आपण होऊन हलक्या आयर्नी आणल्या. म्हणाले, जड आयर्न या कामाला चालत नाही असं कंपनीनं कळवलंय. सगळ्या बायकांनी मुकाट्यानं त्या घेतल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवशी तरी साहेबांना सांगून अनसूयेला परत आणता आलं असतं. तेही मी केलं नाही. आधीचं खोटं बाहेर पडलं असतं ना.

ती मोहोपाड्याला कॉलनीत भांडी घासायला जाते असं कळलं. रसायनीच्या कंपन्यांतल्या लोकांची कॉलनी. थेंब असा गोल टाकणारी बाई लोकांची खरकटी भांडी घासत होती, आणि मी खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे थेंब तपासत होते. एकदा नात्यातल्या बारशाला मी मोहोपाड्याला गेले होते. बाजारात ती समोरून येताना दिसली, कडेवर वंदना. मी पटकन कापडाच्या दुकानात शिरले आणि नको असलेल्या परकरांचे रंग बघत बसले. दुकानदार म्हणाला, "बाई, हा हिरवा बघा, पक्का आहे." मी उठून मागच्या दारानं बाहेर पडले.

पुढे आम्ही बोलायला लागलो, नाही असं नाही. गावं जवळजवळ, लग्नकार्यात गाठ पडायचीच. ती हसून बोलायची, मुलीचं सांगायची, माझ्या सासूची चौकशी करायची. मग मी मनाशी एक समजूत करून घेतली: तिला ठाऊक नाही. शिकलेली नाही ती. एवढ्या बोर्डांत, नव्या आयर्नीवर, तिला वाटलं असेल आपल्याच हातून झालं, किंवा भलत्याच कुणी केले. ठाऊक असतं तर अशी हसली असती का? या समजुतीच्या आधारानं मी इतकी वर्षं काढली. मधूनच तिचा तो काळ्या राळेवर थांबलेला अंगठा आठवायचा. मग मी खिडकी लावून घ्यायची.

पाणी घेऊन मी बाहेर आले. वंदना फोनवर मशीनचे फोटो लावून बसली होती.

"हे पहिलं बघा. लगेच तापतं, हवा जोरात. स्टेशनाजवळचे सगळे दुकानवाले म्हणतात हेच घे, काम झटपट होतं. पण आकडा दाखवतं एक न् खरी उष्णता किती ते देवाला ठाऊक. हे दुसरं हळू तापतं, वाराही बेताचा; पण जिथं लावावं तिथंच राहतं, वर चढत नाही. महाग आहे. सांगा, कुठलं?"

तीच जड आणि तीच हलकी माझ्यासमोर पुन्हा येऊन बसली होती, फक्त आता त्यातून हवा निघत होती. मला जे तेव्हा कुणाला मनापासून विचारता आलं नव्हतं ते मी विचारलं.

"तुझ्या हाताला कुठलं बरं वाटलं?"

"दुसरं," ती चटकन म्हणाली. "पण बाकीचे म्हणतात..."

"बाकीच्यांना राहू दे. खळ्यावर भात उपणतात ते बघितलंयस ना? वारा बेताचा असला तर पोकळ पोल उडतो आणि दाणा पायाशी पडतो. वारा सुसाट असला तर पोलाबरोबर दाणाही जातो. तुझे पार्ट कणीएवढे म्हणतेस. एक उचलायला जाशील आणि शेजारचे चार उडून जातील. आणि जे मशीन तापतच जातं, थांबत नाही, ते आत काय मारतंय ते बाहेरून दिसत नाही. दुसरं घे."

वंदना माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही म्हणता काहीच कळत नाही!"

माझं काय होतं त्यात? सगळं तिच्या आईचं होतं. ते म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घेऊन जा." ती चहा पिऊन गेली, आणि मी दाराला कडी घालून स्वतःला चार शिव्या दिल्या. साठी उलटली तरी जीभ तशीच, वेळ आली की टाळूला चिकटणारी.

चार दिवसांनी, सकाळीच, तिचा फोन आला. दुकानातून नव्हे, आईच्या घरून. मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"मावशी, दुसरंच घेतलं. एक नंबर आहे! आईला दाखवायला इथं आणलं. तिनं हातात धरून बघितलं, बंद पडलेल्या एका फोनवर चालवूनही बघितलं. 'ये गं बाय' म्हणाली आणि काय सांगू, पार्ट अलगद वर! आणि हसायला लागली. म्हणाली, ह्या खेपेला शालूनं बराबर सांगितलंन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी? ह्या खेपेला म्हणजे? मागच्या खेपेला काय झालं होतं?"

माझी इतक्या वर्षांची समजूत त्या एका बोलण्यात गेली. अनसूयेला ठाऊक होतं. खिडकीच्या उजेडाकडे बोर्ड धरला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असून ती "झालं आसंल" म्हणाली होती, ठाऊक असून मोहोपाड्याला भांडी घासली होती, आणि ठाऊक असून प्रत्येक लग्नात माझ्याशी हसून बोलली होती.

"आईकडे फोन दे," मी म्हटलं.

"बोल गं," अनसूयेचा आवाज आला. म्हातारा झालाय आता, जरा घोगरा.

"अनसूये, ते हिरवे ठिपके... ते बोर्ड मी केले होते. आयर्नचंही मी साहेबांना खोटं सांगितलं. तुझी जागा माझ्यामुळे..."

पलीकडे तिनं कोंबड्यांना हुसकलं.

"परवा माजी कापणी हाय," ती म्हणाली. "मानसं कमी पडतात. येतीस का सावडीला?"

"मी? अगं, माझा हात नाही विळ्याला. तुला ठाऊक आहे."

"ठाव हाय मला. तू ये. कसंबी काप, मी काय बोलणार नाय," अनसूया म्हणाली आणि तिनं फोन वंदनाकडे दिला.